उमेदवाराचा लोकसंपर्क
प्रचारकाळात उमेदवार लग्नाला, सप्ताहाला आणि दहाव्याला दिसतो तो केवळ मतांसाठी, हे मत मला अपुरे वाटते. ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदार मोजकेच असल्यामुळे, मागच्या पाच वर्षांत कोण कोणाच्या अडीअडचणीला धावून गेले, हे घरोघरी ठाऊक असते आणि ऐनवेळची हजेरी सहज ओळखू येते. मला अधिक काळजी वाटते ती महिला उमेदवारांची. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत त्यांना ५० टक्के आरक्षण आहे; तरीही अनेक ठिकाणी (सगळीकडे नव्हे) मतदारांशी बोलतात ते त्यांचे पती किंवा दीर. जिने वर्षानुवर्षे बचत गटाच्या बैठका चालवल्या, पाण्यासाठी पंचायत समितीत खेटे घातले, तिलाच प्रचारफेरीत गप्प उभे राहावे लागते, हे मला फार खुपते.