सोलापूर म्हणजे नुसतं करमाळा नव्हे

पूर्वभागकर
काल इथंच एकानं लिहिलं, "सैराटनंतर सोलापूरची बोली सिनेमात आली, आता कुरकुर पुरे." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. सैराट करमाळ्याकडचा. ते जिल्ह्याचं पार टोक, नगरला खेटून. तिथली बोली पडद्यावर आली, चांगलंच झालं. पण सोलापूर शहरात "करतुय, जातुय" कोण बोलतं? आमच्याकडं "काय करलालास बे?" असं विचारतात. घरात तेलुगू, शेजारी कानडी, चौकात दखनी उर्दू, आणि या सगळ्यांत मिसळून वाढलेली मराठी. कन्ना चौकात टपरीवर दहा मिनिटं उभं राहा. एकच माणूस मालकाशी मराठीत, जोडीदाराशी तेलुगूत आणि रिक्षावाल्याशी दखनीत बोलतो. १८७७ साली जुनी मिल निघाली, तेव्हापासून हे शहर कापडावर जगलं. त्या कापडातला माणूस मराठी सिनेमात हिरो म्हणून कुठं दिसतो? कुठलंही गाव असो, तोच सातारी-कोल्हापुरी हेल.

जेऊरफाटा
म्हणजे आम्ही आता सोलापूरचे नाहीच का? आमच्यासारखं बोलणारा माणूस सिनेमात वर्षानुवर्षं गडी, नाहीतर बावळट पाव्हणा. २०१६ला पहिल्यांदा आमच्यासारखं बोलणारी पोरगी बुलेटवर बसून आली. मी पुण्यात कॉलेजला असताना माझ्या ण-नवरून वर्गात हसायचे. सिनेमा लागला आणि तीच मुलं माझ्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायला लागली. सैराटवाले नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या आमच्या जेऊरचे, त्यांनी जेऊरकडचं दाखवलं. तुम्हाला शहराचा सिनेमा हवाय तर काढा, आमच्यावर पाय देऊन कशाला?

डबिंगवाला, पुणे
मी या धंद्यात आहे. "करलालास" ठेवलं की नाशिकच्या प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून निर्माता वाक्य बदलायला लावतो. नट पुण्या-मुंबईचे, तारखा मोजक्या. बोली शिकवणारा माणूस ठेवायला बजेटमध्ये पैसे नसतात. हिंदीवाल्यांनी तर 'धडक'मध्ये सैराटची अख्खी गोष्ट उचलून उदयपूरला नेली. त्यांच्यापेक्षा आपण बरे.

पूर्वभागकर
मालवणी नाटक 'वस्त्रहरण' अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. तेव्हा नाशिकवाल्याला कळलं होतं ना?

चादरप्रेमी, ठाणे
बोलीचं राहू द्या. सोलापूरच्या नावानं गळा काढणारे किती जण सोलापूरची चादर वापरतात? मागच्या दिवाळीत एका दुकानातून "सोलापुरी" म्हणून दोन घेतल्या. पहिल्याच धुण्यात रंग बादलीत, आणि अंगाला टोचतंय पॉलिस्टर. पानिपतला बनलेला नकली माल! खरी चादर उलटून बघा. जकार्डची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटे. भौगोलिक मानांकन आहे म्हणे. दुकानात ते तपासतं कोण?

मागवाला
पानिपतला शिव्या देणं सोपं आहे. सूत महाग, वीज महाग. तुम्ही ज्या भावात मागता त्या भावात सुती चादर बसत नाही. माझ्या शेडमधले निम्मे माग टॉवेलवर गेले, भाऊ शाळेच्या गणवेशाच्या शिलाईत उतरला, मुलगा हिंजवडीला. मागावर उभं राहायला पोरं मिळत नाहीत. सिनेमा काढणार कुणावर?

साखरपेठेतली
मिळत नाहीत? मजुरी बघा आधी! माझे वडील मागावर होते, पीसवर मजुरी. भीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला की दुसरा चढेपर्यंत नुसतं बसायचं, त्या वेळेचा पैसा नाही. आई बिड्या वळायची. हिशेब हजार बिड्यांचा. कारखान्यात त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या की तेवढ्या परत भरून द्यायच्या, बिडीचा पत्ता (पान) कमी पडला तर स्वतःच्या पैशानं आणायचा. कात्री धरून धरून अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडला होता. बिड्या मोजायची तेलुगूत, कारखान्यात भांडायची मराठीत. मालकांनी पोरं मिळत नाहीत म्हणून रडू नये.

मागवाला
ताई, मालक म्हणजे कोण? चार मागांचा मालक स्वतः सुताची कांडी भरतो, बायको चादरीच्या कडा शिवते. मजुरी कमी आहे, मान्य. पण ती चादरीच्या भावातूनच निघणार ना? भावाचं ठाण्याच्या साहेबांना विचारा.

चादरप्रेमी, ठाणे
मी खऱ्या चादरीचे पैसे मोजले होते! माल खोटा निघाला त्यात माझा काय दोष? तुमच्या संघटनांनी कधी असल्या दुकानांवर केस टाकलीय का, ते सांगा.

मागवाला
केस टाकायला वकील लागतो, वकिलाला फी लागते. तुम्ही देता का?

जेऊरफाटा
धागा बोलीचा होता, माणसांनो. साखरपेठेतल्या ताईंचं वाचलं, म्हणून एवढं म्हणते की पूर्वभागकरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण राग आमच्या सिनेमावर नको. तुमच्या शहरातले लिहिणारे काय करतात?

पूर्वभागकर
आमचे लिहिणारे तेलुगूचा एक शब्द आला तरी खोडतात. शाळेत मार खाऊन शिकलेत ते. असो, करमाळ्याला मी कमी लेखलेलं नाही, पहिला मजकूर परत वाचा. आणि डबिंगवाले, पात्र सोलापूर शहरातलं असेल तर साखरपेठेतल्या बाईला बोलवा. नटाला देता तसे पैसे द्या.

डबिंगवाला, पुणे
बोलवायला माझी हरकत नाही. पैसे निर्मात्याच्या हातात.

साखरपेठेतली
पैसे ठरल्याशिवाय येणार नाही. आणि आत्ताच सांगून ठेवते, "बे" हा दोस्तांतला. एका मालिकेत सून सासऱ्याला "या की बे" म्हणाली. आमच्या घरात असं कुणी म्हटलं असतं तर जेवण मिळालं नसतं.