पाच कोटींच्या पुढं गेल्यावर टॅली सोडायचं का?

लेथवाला:
कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे, भागीदारी फर्म. निम्मं काम जॉबवर्कचं: फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, मशिनिंग करून परत द्यायचं. निम्मं स्वतः कास्टिंग विकत घेऊन तयार पार्ट विकायचं. गेल्या वर्षी उलाढाल पाच कोटींच्या वर गेली आणि यंदा ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, मागं लागलं. त्यात गोकुळ शिरगावला दुसरं युनिट घेतलंय.

हिशेब सगळा टॅलीत. वडिलांच्या काळापासूनचे दिवाणजी आहेत, तेच बघतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: धंदा या आकाराला आला की टॅली सोडावं आणि क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कुठूनही चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जावं. टॅली हिशेब लिहिणाऱ्यासाठी आहे, धंदा चालवणाऱ्यासाठी नाही. मला रात्री नऊला एखाद्या पार्टीची येणी बघायची तर दिवाणजींना फोन करावा लागतो. गोकुळ शिरगावचं चलन शिरोलीत दुसऱ्या दिवशी दुपारी येतं, तेही कुणाच्या तरी दुचाकीवरून, आणि एंट्री पडते शनिवारी. म्हणजे शुक्रवारी मला दिसतो तो स्टॉक गेल्या शनिवारचा. धाकटा भाऊ म्हणतो क्लाउडवरचं झोहो बुक्स घेऊ. सीए म्हणतात टॅलीच ठेवा. दिवाणजी काही म्हणत नाहीत, नुसते बघतात.

ज्यांनी बदललं किंवा मुद्दाम बदललं नाही, त्यांनी लिहा.

रोजमेळ:
दिवाणजी का बघतात ते मला कळतं, मी त्याच जातीचा. अर्धं आयुष्य अकाउंट लिहिण्यात गेलं.

पहिली गोष्ट, टॅली धंदेवाल्याचं नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला? १९८६ साली ते सुरू झालं तेच गिरण्यांना कच्चा माल आणि मशिनचे पार्ट पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गरजेतून. श्यामसुंदर गोएंकांना हिशेबाला धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, लिहायला सांगितलं. म्हणजे तुमच्याच लाइनीतला माणूस होता तो.

दुसरी, तुम्ही जे दुखणं सांगताय ते शनिवारच्या एंट्रीचं आहे. क्लाउड घेतलं तरी चलन दुचाकीवरूनच येणार असेल तर शनिवार काही हलत नाही. फक्त शिळा स्टॉक मोबाइलवर दिसेल.

तिसरी, माणूस. दिवाणजी उद्या थकले तर कोल्हापुरात टॅली येणारा आठवड्यात मिळेल. एफ८ दाबला की सेल्स, एफ९ की पर्चेस, माउसला हात न लावता दिवसभराची बिलं जेवणाच्या आत संपवणारी मुलं आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरला तसा माणूस शोधा, मग बोलू.

गोदाकाठ:
नाशिकहून. आम्ही पॅकेजिंगच्या बॉक्सचा धंदा करतो आणि झोहो बुक्सवर आहोत. रोजमेळकाका, तुमचा शनिवारचा मुद्दा उलटा आहे. एंट्री शनिवारी का पडते? कारण ती करायला एकच माणूस, एकच खुर्ची, एकच कॉम्प्युटर. आमच्याकडे माल निघाला की गोडाऊनमधला मुलगाच चलन तयार करतो. अकाउंटंट ते तपासून बिल करते. सेल्सवाला पार्टीच्या दारात उभा राहून तिची जुनी बाकी बघतो आणि नवी ऑर्डर घ्यायची की नाही ते तिथंच ठरवतो. "ऑफिसला विचारून सांगतो" हे वाक्यच बंद झालं.

बँकेच्या एंट्र्या आपोआप आत येतात, त्या फक्त जुळवायच्या. महिनाअखेरीला पासबुक घेऊन टिकमार्क करत बसायचं काम नाही. आणि माणूस मिळत नाही म्हणता, पण बिल करायला टॅलीचा माणूस लागतोच कशाला? मोबाइल वापरणारा कुणीही करतो.

रोजमेळ:
मोबाइल वापरणारा कुणीही बिल करतो, हीच भीती आहे. राउंड ऑफ कुठल्या लेजरला टाकला, भाडं मालाच्या किमतीत घेतलं की वेगळं, हे मार्चमध्ये शोधत कोण बसतं? मी.

आणि क्लाउडवाल्यांनी एक विसरू नये. क्विकबुक्स हे क्लाउडवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर भारतातून गेलं की नाही? २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं आणि २०२३ मध्ये दुकान बंद. ज्यांची सगळी खाती तिथं होती त्यांना गाशा गुंडाळून दुसरीकडं पळावं लागलं. टॅलीचा डेटा माझ्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहे. कंपनी उद्या बुडाली तरी मी खातं उघडून दाखवतो.

गोदाकाठ:
कपाटातल्या हार्ड डिस्कवर! ती बिघडली की काय उघडून दाखवणार? बॅकअप "आहे" आणि बॅकअप परत चढवून बघितलाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काका.

ऑडिटवाली:
मी सीए आहे, दोन्हीकडचे क्लायंट आहेत, त्यामुळं दोघांच्याही चुका काढते.

लेथवाला, ई-इनव्हॉइससाठी नवं सॉफ्टवेअर लागतं असा समज असेल तर तो काढून टाका. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या बहुतेक सगळ्यांना ते लागू आहे, आणि २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी मर्यादा ओलांडली की लागू. पुढच्या वर्षी धंदा खाली आला म्हणून सुटका नाही. पण टॅलीतून ते होतं, झोहोमधून होतं, बिलं थोडी असतील तर सरकारी पोर्टलवर फुकटही होतं. चूक झाली तर २४ तासांत रद्द करायचं, नंतर क्रेडिट नोट. त्यात कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवत नाही.

अडतं ते भलत्याच ठिकाणी. पोर्टलवर लॉगिन करताना आता ओटीपी येतो आणि बहुतेक फर्ममध्ये तो मालकाच्या मोबाइलवर येतो. मालक पुण्याला मीटिंगमध्ये, फोन सायलेंट, गेटवर गाडी भरून उभी. प्रत्येकाला त्याच्या मोबाइल नंबरसकट वेगळा सब-युजर काढून द्या. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि कुणीच करत नाही.

हल्ली विक्रेते "एडिट लॉग सक्तीचा आहे" म्हणून घाबरवतात. एडिट लॉग म्हणजे कुठली एंट्री कधी, काय बदलली याची आपोआप राहणारी नोंद. १ एप्रिल २०२३ पासून तो कंपन्यांना सक्तीचा आहे, कंपनी कायद्याखाली. तुमच्या भागीदारी फर्मला नाही. उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलंत तर लागेल, आणि बॅकअपही रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागेल. त्या वाटेवर असाल तर आत्ताच विचार करा. नसाल तर त्या भीतीपोटी पैसे घालवू नका.

फरसाणवाले:
सोलापूरकर. तुम्ही सगळे एकच सॉफ्टवेअर धरून का बसलाय? आम्ही काउंटरला बिलिंगचं वेगळं ठेवलंय, ऑफिसात टॅली. रात्री दिवसाची विक्री एक्सेलमधून टॅलीत ओढतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा पाकीटबंद चिवडा, शेव १२ वरून ५ टक्क्यांवर आली. रात्री दुकान बंद झाल्यावर बिलिंगमधल्या आयटमचे दर बदलले, सकाळी शटर उघडलं. टॅलीला हातसुद्धा लावावा लागला नाही, कारण तिथं आयटम नाहीतच, नुसती जीएसटीच्या दराप्रमाणे एकूण विक्री जाते.

ऑडिटवाली:
काउंटरच्या धंद्याला ते चालतं, तुमचे गिऱ्हाईक पावती खिशात घालून जातात. लेथवाल्यांच्या प्रत्येक बिलावर समोरच्याला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं असतं. त्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या पत्रकात, ते बिल दिसलं नाही तर फोन येतो आणि पेमेंट अडतं. मध्ये एक्सेल आलं की कुठं तरी एक आकडा सुटतोच.

उघडस्रोत:
कुणीच ईआरपीनेक्स्टचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. हिशेब, स्टॉक, उत्पादन सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, ओपन सोर्स, माणशी लायसन्स नाही. गेटवाला, स्टोअरवाला, क्वालिटीवाला, सगळ्यांना लॉगिन द्या, खर्च तोच. लेथवाल्यांचा धंदा उत्पादनाचा आहे, त्यांना नुसतं अकाउंटिंग पुरणारच नाही. टॅली की झोहो हा वादच चुकीच्या खोलीत चाललाय.

रोजमेळ:
हत्ती फुकट, माहूत पगारी. तो माहूत पुण्या-मुंबईचा, आणि तो सोडून गेला की?

उघडस्रोत:
तो सोडून गेला तर दुसरा येईल, कोड उघडा आहे. तुमच्या टॅलीत ज्याच्याकडून टीडीएल (टॅलीत हवे ते बदल करायचा कोड) लिहून घेतलं तो पोरगा सोडून गेला की काय करता?

रोजमेळ:
हं. हे मात्र खरं. त्याची फाइल कुणाकडंच नसते.

लेथवाला:
चर्चा छान चाललीय, पण माझं खरं दुखणं कुणाच्याच उत्तरात आलं नाही. उदाहरण देतो. फाउंड्रीकडून ४०० कास्टिंग आले. त्यातले ३७२ मशिनिंग होऊन परत गेले. ११ मध्ये कापल्यावर ब्लो होल (आतली हवेची पोकळी) निघाले, ती फाउंड्रीची चूक, ते तसेच परत. ५ आमच्या ऑपरेटरनं बिघडवले, त्यांची कास्टिंगची किंमत आमच्यावर डेबिट. १२ अजून मशिनवर. महिन्याला अशी शेकड्यानं चलनं, पाच-सहा फाउंड्र्यांची. वर्षाच्या शेवटी फाउंड्रीचा माणूस म्हणतो तुमच्याकडं आमचे अमुक नग बाकी आहेत, आणि आमच्या वहीत आकडा निराळा. दरवर्षी भांडण, आणि दरवर्षी आम्हीच पडतं घेतो, कारण पुढच्या ऑर्डरी त्यांच्या हातात. हे कुठलं सॉफ्टवेअर सांभाळेल?

रोजमेळ:
टॅलीच सांभाळेल. एफ११ मध्ये जाऊन जॉब ऑर्डर प्रोसेसिंग चालू करा, मटेरियल इन आणि मटेरियल आउट ही व्हाउचर मिळतात. प्रत्येक फाउंड्रीचा माल वेगळा राहतो, तुमच्या स्टॉकमध्ये मिसळत नाही. दिवाणजींनी ते कधी चालूच केलं नसणार. टॅली विकत घेतलेल्यांपैकी निम्मे लोक त्यात नुसती बिलं करतात.

उघडस्रोत:
आणि ११ वेगळे, ५ वेगळे, कारणासकट? कुठल्या मशिनवर, कुठल्या पाळीत बिघडले?

रोजमेळ:
ते अकाउंटचं काम नव्हे.

उघडस्रोत:
पण पैसे त्यातच जातायत ना!

गोदाकाठ:
इथं मी उघडस्रोतच्या बाजूनं. आणि खरं सांगते, लेथवाला, तुमचं हे जॉबवर्क आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं बसवायला मला तरी अवघड वाटतं. आमचा धंदा सरळ आहे, कागद आला, बॉक्स गेला.

ऑडिटवाली:
शेवटी मुद्द्यावर आलात. या ४०० नगांचा कायदाही समजून घ्या. जॉबवर्कला आलेला माल वर्षाच्या आत परत गेला नाही, तर पाठवणाऱ्यानं तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि त्याच्यावर कर बसतो. आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कच्या मालाचं जीएसटीचं पत्रक, तो भरतो, तुम्ही नाही. पण त्यातला आकडा चुकला तर तो बोट तुमच्याकडंच दाखवणार. त्यामुळं वर्षाअखेरीला नव्हे, दर महिन्याच्या पाच तारखेला फाउंड्रीला बाकी नगांचं पत्रक पाठवा आणि सही घ्या. वहीतून काढा, टॅलीतून काढा, माझी हरकत नाही.

दुसरं, विकत घेतलेलं कास्टिंग. लहान फाउंड्र्यांकडून घेत असाल आणि त्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर १५ दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. मुदत टळून ३१ मार्चला बाकी राहिली तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरला जात नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. त्यामुळं कुठला पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु आहे याची खूण पार्टीच्या मास्टरमध्ये हवीच. ही खूण करायची सोय आहे का, हा प्रश्न डेमोत विचारा. डॅशबोर्डचे रंग नंतर बघा.

लेथवाला:
माझं मत थोडं हललंय, कबूल. तरी दोन युनिटांचं काय? एका कॉम्प्युटरवरचं टॅली दोन्हीकडं कसं चालणार?

रोजमेळ:
टॅलीचं सिल्व्हर लायसन्स असेल तर एकाच जागी. गोल्ड घेतलं की ऑफिसच्या नेटवर्कवर अनेक जण. दुसऱ्या गावातून वापरायचं तर टॅलीच भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून देणारे आहेत, गोकुळ शिरगावहून तुमचा माणूस तिथं लॉगिन करील.

गोदाकाठ:
म्हणजे लायसन्सही भरायचं आणि माणशी सर्व्हरचं भाडंही. मग क्लाउडला नावं का ठेवत होतात?

रोजमेळ:
नावं नाही ठेवली. एफ८ सोडायला सांगू नका एवढंच म्हणतोय.

ऑडिटवाली:
बदलायचं ठरलंच तर वर्षाच्या मध्ये नको, १ एप्रिलला. आणि ३१ मार्चची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, उचलून नव्या सॉफ्टवेअरात टाकली की झालं, असं समजू नका. पार्टीची एकरकमी बाकी नेली तर कुठलं बिल किती दिवसांचं हे हरवतं, आणि वर जे १५-४५ दिवस सांगितले ते मोजता येत नाहीत. बाकी बिलवार न्यायची. त्याआधी ऑन अकाउंट, म्हणजे कुठल्याच बिलाला न लावता, पडून असलेल्या जमा रकमा ज्या-त्या बिलाला लावून घ्या. ते काम तुमचे दिवाणजीच करू शकतात, कारण कुठले पन्नास हजार कुठल्या बिलापोटी आले हे त्यांच्या डोक्यात आहे. जुनं टॅली पुसू नका, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात.

लेथवाला:
ठरलं ते असं. पहिल्यांदा गोकुळ शिरगावच्या गेटवर कॉम्प्युटर आणि एंट्री करणारा माणूस, या महिन्यात. सध्या टॅलीतच, मटेरियल इन-आउट चालू करून. मार्चपर्यंत ४०० नगांचा हिशेब जुळला तर तेच पुढं, नाही तर एप्रिलला ईआरपीनेक्स्ट. भाऊ नाराज आहे. तरी दोन विक्रेत्यांना शनिवारी डेमोला बोलावलंय, दिवाणजी सोबत बसणार आहेत.

उघडस्रोत:
त्यांचा तयार नमुना डेटा बघू नका. तुमची खरी दहा चलनं समोर ठेवा, ती बिघडलेली पाच कास्टिंग त्यात असू द्या.

रोजमेळ:
आणि त्या पाचांची डेबिट नोट तुमच्या समोर करायला सांगा. हमखास त्याच वेळी डेमोवाल्याला ऑफिसातून फोन येतो.