कंबरदुखीसाठी पाण्यातला व्यायाम, पण पोहता येत नाही

अबोली_२१:
दीड वर्ष झालं कंबर दुखतेय. एमआरआय झाला, डिस्क थोडी झिजलीय म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. जमिनीवर व्यायाम सुरू केला की दोन दिवसांत कंबर धरते आणि मी सोडून देते, असं चार वेळा झालंय. आता फिजिओ म्हणतायत पाण्यात सुरू करा. मला पोहता अजिबात येत नाही, गळ्यापर्यंत पाणी आलं की जीव घाबरतो. कुणी केलंय का? फरक टिकतो की पाण्यात असेपर्यंतच बरं वाटतं?

रानवाट:
अगं त्यात पोहायचं नसतंच! पाय तळाला टेकलेले, पाणी छातीपर्यंत, बस. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की अंगाचं साधारण निम्मंच वजन पायांवर येतं, छातीपर्यंत गेलीस की आणखी कमी, म्हणून जमिनीवर जे दुखतं ते तिथे जमतं. मी पहिले दोन आठवडे नुसती चालले, पुढे, मागे, आडवी. मागे चालताना पाणी पाठीला असं रेटतं की तोल सांभाळायला पोट आपोआप आत ओढलं जातं, तिथेच खरा व्यायाम होतो. मग काठ धरून एकेक पाय बाजूला न्यायचा. हळू नेला तर पाणी हलकं, जोरात नेला की तेच पाणी जड, म्हणजे किती जोर लावायचा ते आपल्याच हातात.
एक सांगते, पहिल्या दिवशी पायऱ्या चढून बाहेर येताना अंग एकदम शिशासारखं जड झालं, वाटलं कंबर गेली. तसं होतंच, दांडी धरून सावकाश ये.

निळीशाई:
टिकण्याबद्दल. २०२२ मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधला एक अभ्यास आला होता, ११३ जण, ३ महिने, आठवड्यातून २ वेळा एकेक तास. दुसऱ्या गटाला टेन्स मशीन (त्वचेवरून हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं) आणि इन्फ्रारेड शेक. पाण्यातल्या गटाचा त्रास जास्त कमी झाला आणि १२ महिन्यांनीही फरक दिसत होता. पण तुलना शेकाशी होती, जमिनीवरच्या व्यायामाशी नाही, त्यामुळे पाण्यात काही जादू आहे असं समजू नका. माझ्या मते खरा फायदा हा की माणूस व्यायाम अर्ध्यात सोडत नाही. आणि पाणी कोमट बघा, ३३ ते ३५ डिग्री, गार पाण्यात स्नायू उलट आखडतात.

पाठीराखा:
लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली तर पाणीबिणी सगळं बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठा, यात एक दिवसही घालवू नका. ताप, उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका, आणि हार्टचा त्रास किंवा फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अबोली_२१:
यातलं काही नाहीये मला, फक्त भीती आहे. रानवाट, पहिल्या दिवशी कमरेइतक्याच पाण्यात राहिले तर चालेल ना?

रानवाट:
चालेल की. काठाला लागून चाल, फिजिओंना आधीच सांग पाण्याची भीती आहे म्हणून, ते सोबत उतरतात. मला छातीपर्यंत जायला तिसरा आठवडा लागला होता.