‘थिंग’ची घसरण झाली का?

शब्दवेल्हाळ: ‘थिंग’ म्हणजे वस्तू, असं आपण शाळेत शिकलो. पण सातव्या शतकातल्या, इंग्लंडमधल्या केंट राज्याच्या कायद्यांत हाच शब्द सभा या अर्थाने येतो, जिथे लोक जमून न्यायनिवाडा करत. आइसलंडमध्ये ९३० साली थिंगवेट्लिरच्या माळावर आल्थिंगी भरली, आजही त्यांच्या संसदेचं नाव तेच आहे. नॉर्वेची स्टूर्टिंग, डेन्मार्कची फोल्केटिंग, सगळीकडे तोच शब्द. इंग्रजीत मात्र नाव आठवेना की म्हणा ‘थिंग’. माझ्या मते ही सरळसरळ घसरण आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मीनल_प: घसरण अजिबात मान्य नाही. सभेपुढे येतं ते प्रकरण, प्रकरण म्हणजे बाब, आणि बाब म्हटली की त्यात काहीही बसतं. तुम्ही ज्यांचं कौतुक करताय त्या डॅनिशमध्येही हेच झालंय. ‘एट टिंग’ म्हणजे सभा, ‘एन टिंग’ म्हणजे वस्तू. फरक फक्त लिंगाचा. जर्मन ‘झाखं’चंही तसंच, आधी तंटा, मग बाब, मग वस्तू. लॅटिन ‘काउसा’ म्हणजे खटला, त्याचंच इटालियनमध्ये ‘कोझा’ झालं. आणि लांब कशाला जाता? आपली ‘गोष्ट’ संस्कृत ‘गोष्ठी’वरून आली, म्हणजे मंडळी जमून बोलणं. मग मराठीचीही घसरण झाली म्हणायचं का?

शब्दवेल्हाळ: ‘गोष्ठी’चं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे बोलणं होतं, निवाडा नव्हता. डचमध्ये ‘खेडिंग’ म्हणजे आजही खटला. जर्मनमध्ये एखाद्याला ‘डिंगफेस्ट’ केलं म्हणजे पकडलं, मुळात न्यायसभेपुढे उभं करण्यासाठी. कायद्याचा धागा या भाषांनी सोडला नाही. इंग्रजीनेच सोडला.

मीनल_प: मग ‘हस्टिंग्ज’चं काय? निवडणुकीच्या प्रचारसभांचा हा शब्द ‘घर’ आणि ‘थिंग’ जोडूनच झालाय.

शब्दवेल्हाळ: तो नॉर्सवरून, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेवरून, उसना आलेला. घरचा गमावला आणि शेजाऱ्याचा आणला, म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं.

उत्तररात्र: तुम्ही दोघंही ‘सभा’ हा पहिला अर्थ धरून भांडताय. गॉथिक या लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेत याच कुळातला ‘थीख्स’ म्हणजे काळ, वेळ. त्यावरून बरेच अभ्यासक म्हणतात की आधी ‘ठरलेली वेळ’, मग त्या वेळी भरणारी सभा. तसं असेल तर सभा हीसुद्धा वेळेची घसरणच म्हणावी लागेल. मूळ अर्थ तोच खरा, हा निकष कुठल्याच शब्दाला लावू नये.

शब्दवेल्हाळ: वेळेचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी आइसलंडचं उदाहरण मी सोडणार नाही. तिथे रोजच्या बोलण्यात वस्तूला ‘ह्लुतुर’ असा वेगळाच शब्द आहे, म्हणून ‘थिंग’ म्हटलं की अजूनही सभाच डोळ्यांपुढे येते. इंग्रजीलाही हे करता आलं असतं.

मीनल_प: पण करायला हवं होतं, असं का? लोकांना ज्या कामाला शब्द लागला त्या कामाला त्यांनी तो लावला. त्यात गमावलं काय, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.