श्वास मोजलाच जात नाही
ताप उतरला आणि रक्तदाब ठीक आहे, म्हणजे रुग्ण धोक्याबाहेर, हे मत मला मान्य नाही. वृद्धांना जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी ताप येतोच असे नाही, आणि रक्तदाब बरेचदा उशिरा ढासळतो; त्याआधी वाढतो तो श्वासाचा वेग. ब्रिटनमधील रुग्णालयांत 2012 पासून वापरात असलेल्या, प्रकृती बिघडण्याची पूर्वसूचना देणाऱ्या तक्त्यात मिनिटाला 25 किंवा अधिक श्वास या एकाच नोंदीला 3 गुण, म्हणजे एका मापासाठीचे सर्वाधिक गुण, दिले जातात आणि तेवढ्यावरून डॉक्टरांनी रुग्णाला तातडीने तपासणे अपेक्षित असते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामींना मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी काटोलहून नागपुरातील एका रुग्णालयात हलवले होते. त्यांच्या तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात दिवसभर प्रत्येक वेळी 18 हाच आकडा लिहिलेला होता (कोणी मोजले असते, तर तो इतका स्थिर राहिलाच नसता). संध्याकाळी त्या मला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागल्या, तेव्हा मी नाडी पाहण्याच्या निमित्ताने त्यांचा हात त्यांच्याच छातीवर ठेवला आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले: 29. मोजतो आहोत हे रुग्णाला कळले, तर श्वासाची लय बदलते, म्हणून हे निमित्त. आकडा आणि नवा गोंधळलेपणा दोन्ही सांगितल्यावर निवासी डॉक्टर लगेच आले, रक्ताचे नमुने घेऊन प्रतिजैविक बदलले व सलाइन सुरू केले. चौथ्या दिवशी मामींनी मला माझ्या नावाने हाक मारली.