वाचनालयात व्याख्यानं, सिनेमा आणि मुलांचा गोंधळ: हवा की नको?

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ता)

वाचनालयाने पुढच्या महिन्याचं कार्यक्रमपत्रक लावलंय. शनिवारी संध्याकाळी व्याख्यान, रविवारी सकाळी लहान मुलांसाठी गोष्टी, दुपारी आईबाबा आणि मुलांनी मिळून कागदकाम, महिनाअखेरीस चित्रपट आणि त्यावर चर्चा. सगळं मोफत, सगळ्यांना खुलं. तक्रार करायला जागाच नाही असं वाटेल. पण होणार कुठे? वाचनकक्षात! टेबलं भिंतीला लावायची, खुर्च्यांच्या रांगा करायच्या, नियतकालिकांच्या रॅकसमोर पडदा टांगायचा. नोकरी करणाऱ्या माणसाला वाचायला मिळतात ते शनिवार-रविवार, आणि नेमके तेच गेले.

कुजबुज साधारण ३० डेसिबल, नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास. आकडा दुप्पट दिसतो म्हणून फसू नका. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणजे हा फरक हजारपटीचा आहे. त्यात माइक आला की संपलंच. व्याख्यान कुठल्याही सभागृहात होऊ शकतं. काही विकत न घेता, कुणाशी न बोलता तासन् तास बसता येईल अशी दुसरी जागा दाखवा.

दोन पिल्लांची आई

हेच वाक्य मीही म्हणते हो! काही विकत न घेता मुलांना घेऊन बसता येईल अशी दुसरी जागा दाखवा. शांतता तुम्हाला निदान घरी दार लावून तरी मिळेल.

आणि 'गोंधळ' म्हणण्याआधी एकदा येऊन बघा. गोष्ट सांगणाऱ्या ताई पान उलटायच्या आधी थांबतात. "आता हा कुठे लपला असेल?" आमचं धाकटं चारचौघांत तोंड उघडत नाही. ते उठलं, पुढे गेलं आणि चित्रातल्या पडद्यावर बोट ठेवून उभं राहिलं. घरी जाताना तेच पुस्तक हवं म्हणून हट्ट. असं प्रश्न विचारत, मुलांना बोलतं करत वाचलं तर त्यांची भाषा जास्त वाढते, यावर १९८८ पासून संशोधन झालेलं आहे. हा टाइमपास नाही.

समासातली टीप

आईंशी सहमत. वाचनालयात व्याख्यानं ही काही आजची टूम नाही. अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून जगभरात अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयं उभी राहिली. त्याचे सचिव जेम्स बर्ट्राम यांनी १९११ मध्ये इमारत कशी असावी याची टिपणं काढली, त्यात व्याख्यानाची खोली धरलेलीच होती. आपल्या रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला शेवटचा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढणाऱ्या गोष्टीला जागा लागते, थोडं सरकून बसा.

कोपऱ्यातली खुर्ची

अर्धीच गोष्ट सांगितलीत. बर्ट्रामच्या टिपणात व्याख्यानाची खोली होती तळघरात, आणि पुस्तकं नि वाचक वरच्या मुख्य मजल्यावर. मी वेगळं काय म्हणतोय? फिनलंडमधलं हेलसिंकीचं ओडी ग्रंथालय, २०१८ चं, हल्ली ज्याचे फोटो सगळे नाचवतात, तिथेही चित्रपटगृह तळमजल्यावर, स्टुडिओ मधल्या मजल्यावर आणि पुस्तकं सर्वांत वर. तिथे वाचकाला उठवून पडदा टांगत नाहीत. आणि पाच सिद्धांतांतला चौथा कोणता? वाचकाचा वेळ वाचवा.

उगाच शंका

मला मुलांचं काही नाही, व्याख्यानांचंच वावडं आहे. प्रास्ताविक, परिचय, परिचयाला उत्तर, यातच अर्धा तास जातो. मग प्रश्नोत्तरं. त्यात प्रश्न कमी, उपव्याख्यानंच जास्त. सिनेमा तर ज्याच्या त्याच्या खिशात आहे.

खरं कारण वेगळंच आहे. भरलेल्या खुर्च्यांचा फोटो अहवालात लावता येतो. कोपऱ्यात एकटा वाचत बसलेला माणूस कशात मोजणार?

काउंटरपलीकडून

मी एका वाचनालयात काम करते (हे नव्हे). शंका रास्त आहे. पैसे देणारे 'किती माणसं आली' हेच आधी विचारतात. पण म्हणून कार्यक्रम दिखाऊच असतात असं नाही. आम्ही व्याख्यानाच्या दाराशी एक टेबल मांडतो, त्या विषयावरची आमच्याकडे असतील ती सगळी पुस्तकं त्यावर. बाहेर पडताना लोक हातात घेतात, चाळतात, नावावर चढवून नेतात. कपाटात पडून राहिलेली पुस्तकं अशी बाहेर पडतात. हे टेबल नसेल तर मात्र धागाकर्ते म्हणतात तेच खरं, ते व्याख्यान कुठेही झालं असतं.

सिनेमाबद्दल एक सांगते, कारण इथे हमखास घोळ होतो. घरी बघायला घेतलेली डिस्क किंवा ओटीटीचं सदस्यत्व यावर सार्वजनिक खेळ लावता येत नाही, तिकीट नसलं तरी. हक्कदाराची परवानगी लागते. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, इतर देशांत मुदती वेगळ्या. म्हणून परवानगी सहज मिळणारे लघुपट-माहितीपट आम्ही आधी बघतो. वीस मिनिटांचा लघुपट आणि तासभर गप्पा, हे तीन तासांच्या सिनेमापेक्षा जास्त रंगतं. खिशातला सिनेमा एकट्याने बघून संपतो, त्यावर भांडायला माणसं लागतात.

उगाच शंका

टेबलाचं पटलं. परिचयाला उत्तर तेवढं बंद करा.

रात्रीचा अभ्यासू

शांतता-शांतता म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की त्या शांततेत बसलेल्यांपैकी बरेच जण वाचनालयाचं पुस्तक उघडतही नाहीत. स्वतःची गाईडं आणतात, दिवसभर चार्जर लावून बसतात. मीही त्यातलाच. तरी माझं मत कार्यक्रमांच्या विरोधातच. घरी एकच खोली असेल तर दार लावायचं कुणाला, आई? तुमचा तो सल्ला जागा असणाऱ्यांसाठी झाला.

दोन पिल्लांची आई

हे मान्य. दाराचं मागे घेते. पण मग माझ्या दोघांनाही तीच एक खोली आहे, हेही धरा.

समासातली टीप

वेळ बदलून बघा ना. गोष्टी सकाळी, वाचनकक्ष उघडायच्या आधीचा तास. व्याख्यान, वाचनालय बंद व्हायच्या वेळेला. मधला दिवस वाचकांचा. पत्रकावर 'या वेळेत शांतता' असं कार्यक्रमाइतक्याच ठळक अक्षरात छापा.

काउंटरपलीकडून

तो आधीचा आणि नंतरचा तास कुणीतरी कुलूप उघडून बसायचं असतं, सर. कर्मचारी तेवढेच, सुट्टीचा दिवसही तोच. त्यापेक्षा वर एखादी खोली असेल तर ती घ्या.

कोपऱ्यातली खुर्ची

आमच्याकडे आहे की! दुसऱ्या मजल्यावर, जुन्या अंकांचे गठ्ठे ठेवलेत. गठ्ठे हलवायला मी येतो, रविवारी सकाळी. मुलांचे कार्यक्रम वर न्या.

दोन पिल्लांची आई

लिफ्ट आहे का? बाबागाडी घेऊन दोन जिने चढून दाखवा, मग बोलू.

कोपऱ्यातली खुर्ची

मग व्याख्यानं वर.

काउंटरपलीकडून

व्याख्यानाला येणाऱ्यांत निम्मे गुडघेदुखीवाले असतात.

रात्रीचा अभ्यासू

मग आम्हीच वर जातो. गठ्ठ्यांच्या मागे प्लगपॉइंट आहे का, तेवढं कुणीतरी बघून सांगा.