घर मोडल्याशिवाय कुटुंबाचा सिनेमा होत नाही का?

मांजलपूरकर

मी सिनेमाचा अभ्यासक नाही. शनिवारी रात्री जेवणं उरकली की आई, बायको, मुलगा आणि मी टीव्हीसमोर बसतो आणि चौघांना एकत्र बघता येईल असं काहीतरी लावतो. त्यामुळे घरगुती गोष्टीच जास्त पाहिल्या जातात. गेल्या महिन्याभरात पाच-सहा पाहिले, काही अमेरिकेतले, काही आपले. एक गोष्ट सारखी खटकत राहिली म्हणून लिहितोय.

शहराबाहेरची वसाहत दाखवली, एका रांगेत घरं, पुढे हिरवळ, दारात गाडी, की समजायचं आत काहीतरी कुजलंय. मग जेवणाच्या टेबलावर कोणीतरी वीस वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढणार, खुर्ची सरकवणार, दार आपटून जाणार. आपल्याकडचेही आता तेच करायला लागलेत. आजोबांचा वाढदिवस आला की माझा मुलगा म्हणतो, "आता भांडण."

आम्ही १९८८ साली वडोदऱ्यातच मांजलपूरला आलो. दांडिया बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून बाबांनी टेनामेंट, म्हणजे सोसायटीतलं छोटं स्वतंत्र घर, घेतलं, कारण नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत होती. तेव्हा सोसायटीच्या मागे शेत होतं आणि कॉमन प्लॉटात म्हशी चरायच्या. आमच्या घरात भांडणं पुष्कळ झाली, पण कधी गुपितावरून झाली नाहीत. आजी-आजोबा राहायला आले की माझं अभ्यासाचं टेबल कुठे जाणार? आजोबांना रात्री खोकला, मग त्यांच्या खोलीत कोण झोपणार? गच्चीवर खोली काढायची तर काकांनी किती घालायचे? यावरून दोन-दोन महिने अबोला असायचा. मला वाटतं घर म्हणजे हेच, आणि तेच पडद्यावर सापडत नाही.

एका जपानी सिनेमात सापडलं. यासुजिरो ओझूंचा 'टोकियो स्टोरी', १९५३चा. ओनोमिची गावचं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला येतं. थोरला डॉक्टर आहे, पण घर शहराच्या पार कडेला. आजी-आजोबांना जागा करायची म्हणून नातवाचं टेबल खोलीतून बाहेर काढतात आणि पोरगं फुरंगटून बसतं. माझी आई ते बघून म्हणाली, "हा तूच." सत्तर वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा, भाषा कळत नाही, आणि आई शेवटपर्यंत उठली नाही.

माझं म्हणणं एवढंच: त्या घरात कोण कुठे झोपतं हे ज्या दिग्दर्शकाला ठाऊक नाही, त्याने मला तिथली गुपितं सांगू नयेत.

अकोटाकर

सपशेल असहमत. टेबलाचा प्रसंग मलाही फार आवडतो, पण तुम्ही दोन वेगळ्या वस्त्या एकाच मापाने मोजताय.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटाउन उभं राहिलं. युद्धावरून परतलेल्यांसाठी एकाच नकाशाची हजारो घरं. पुढे देशभर तशा वसाहती झाल्या. त्यांची रचनाच अशी की दुकान लांब, कचेरी लांब, गाडीशिवाय पान हलत नाही. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की बायको त्या सुंदर घरात दिवसभर एकटी. आपल्या मांजलपुरात सकाळी नऊच्या आत दूधवाला, भाजीवाली आणि शेजारचे दोघे ओटल्यावर, दारापुढच्या कट्ट्यावर, येऊन जातात. तिथलं मौन आणि गुपित हे त्या रचनेतूनच आलेलं आहे, लेखकाने वरून चिकटवलेलं नाही.

आणि तुम्हाला घरातली रोजची व्यवस्थाच हवी ना? मग रॉबर्ट रेडफर्डचा 'ऑर्डिनरी पीपल' बघा, १९८०चा, त्याने दिग्दर्शित केलेला पहिलाच. शिकागोजवळचं लेक फॉरेस्ट, श्रीमंत वस्ती. थोरला मुलगा होडीच्या अपघातात गेलाय, धाकटा वाचलाय. सकाळी आई धाकट्याच्या पुढे फ्रेंच टोस्ट ठेवते. तो म्हणतो, भूक नाही. ती ताट उचलते आणि टोस्ट तसाच सिंकमध्ये ढकलून देते. "खाऊन घे रे दोन घास" नाही, "बरं वाटत नाही का" नाही. पूर्ण सिनेमा त्या सिंकमध्ये आहे. हे स्वयंपाकघर नाही तर काय आहे?

मांजलपूरकर

तो प्रसंग मान्य. पण अकोटाकर, त्या घरातलं दुःख आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी दडवून ठेवलेलं नसतं. माझा राग दडवून ठेवण्याच्या कसरतीवर आहे.

रावपुऱ्याची सून

दादा, तुमचं लिखाण मनापासून वाटलं म्हणून मीही मनापासून विरोध करते.

गुपितावरून भांडणं झाली नाहीत असं तुम्ही लिहिलंत. कदाचित गुपितं बोललीच गेली नसतील. मी लग्न होऊन रावपुऱ्यात अकरा माणसांच्या घरात आले. तिथे कोण कुठे झोपतं हे सगळ्यांना पाठ होतं. पण माझ्या मोठ्या जाऊबाईंनी नोकरी का सोडली, हे मला तेरा वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या बहिणीकडून. त्या रोज माझ्या शेजारी बसून भाजी निवडायच्या. तेरा वर्षं. आमच्याकडे कोणी कधी टेबलावर हात आपटून बोललं नाही, म्हणून पडद्यावर कोणीतरी बोलतं तेव्हा मला रडू येतं. तुम्हाला ती कसरत वाटते. मला वाटतं, निदान एका घरात तरी कोणी तोंड उघडलं.

दुसरं, वसाहतीबद्दल. आपले बहुतेक कुटुंबपट मोठ्या घराच्या आठवणीने व्याकूळ होतात. अंगण, हिंचका, पंगत, आणि मग फ्लॅटमध्ये गेलेला मुलगा म्हणजे स्वार्थी. आम्ही वाघोडिया रोडला दोन खोल्यांत राहायला गेलो त्या दिवशी मी दुपारी दार लावून तासभर झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा. त्या झोपेवर सिनेमा मी अजून पाहिलेला नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमचं टेबल, आजोबांचा खोकला, काकांचे पैसे, सगळं तुमच्या लक्षात आहे. तुमची आई कुठे झोपायची, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

जुना दांडियाबाजारी

ताईंचं बरोबर आहे, पण व्यवस्था दाखवणारे सिनेमे आपल्याकडे झालेच नाहीत असं कोणी समजू नये. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' १९७०मध्ये आला आणि त्यावरून बासू चटर्जींनी १९७२मध्ये हिंदीत 'पिया का घर' केला. त्यात खलनायक नाही, गुपित नाही. मुंबईतली अपुरी जागा, भरलेलं घर, आणि नव्या नवरा-बायकोला दोन घटका एकांत मिळेना. एवढ्यावर पूर्ण चित्रपट उभा आहे. आमचं लग्न त्याच सुमारास झालं. थिएटरात आजूबाजूचे हसत होते आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता समोर बघत बसलो होतो.

मोठ्या घराबद्दल मात्र एवढं कठोर होऊ नका. माझ्या वडिलांच्या आजारपणात आठ महिने रात्री कोणी ना कोणी जागं असायचं, आणि पाळी ठरवायला कोणाला कागद घ्यावा लागला नाही. तेही खरं होतं.

रावपुऱ्याची सून

काका, खरंच होतं. पण त्या आठ महिन्यांत सकाळचा चहा करायला उठणारीची पाळी बदलत होती का?

फतेगंजचा पिंट्या

घर दिसलंच पाहिजे हा नियम मला पटत नाही. राजेश मापुसकरांचा 'व्हेंटिलेटर' (२०१६) घ्या. गणपती तोंडावर आलेत, गजूकाका व्हेंटिलेटरवर आहेत आणि आख्खं कामेरकर खानदान हॉस्पिटलात गोळा झालंय. बहुतेक सिनेमा त्या हॉस्पिटलात. तरी कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला पुढे करतात, कोणाला डबा आणायला पाठवतात, सगळं कळतं. त्याला दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते योग्यच. घर माणसांबरोबर चालत येतं.

समा सोसायटी

मी २६ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. तुम्ही सगळे भरलेल्या घराबद्दल बोलताय, मला रिकाम्या घराबद्दल बोलायचंय.

ऑगस्ट २०२४मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आई-बाबा समाच्या घरात दोघंच होते. खालच्या मजल्यात कमरेएवढं पाणी. फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की समोरच्या पटेलकाकूंनी त्यांना गच्चीवरून खिचडी पोचवली होती. पोटची मुलगी पुण्यात फोन हातात घेऊन बसलेली, आणि ज्यांच्याशी बाबांचं पार्किंगवरून चार वर्षं जमत नव्हतं त्यांच्याकडून खिचडी.

आमच्या घरात कोण कुठे झोपतं हा प्रश्नच उरला नाही. वरच्या दोन खोल्या बंद असतात. आई आठवड्यातून एकदा माझी खोली उघडून झाडते आणि परत लावते. मांजलपूरकर काका, तुमचा नियम माझ्या पिढीला लावायचा तर कोणत्या खोलीला कुलूप आहे ते दाखवा. आणि शेजारी दाखवा. आपल्या कुटुंबपटात शेजारी फक्त लग्नात नाचायला येतो.

अकोटाकर

शेजाऱ्याचा मुद्दा शंभर टक्के. अमेरिकेतल्या त्या सिनेमांत शेजारी असतोच, पण पडद्याआडून बघणारा. तो आपल्याकडे खोटा वाटतो. आपला शेजारी दार ढकलून आत येतो आणि विचारतो, आज कोण आलं होतं?

मांजलपूरकर

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आईला विचारत होतो.

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मला उत्तर आठवेना. बाबा बाहेरच्या खोलीत, आजी-आजोबा आतल्या, मी आणि बहीण त्यांच्या पायाशी. आईची जागा डोळ्यांसमोर येईना. काल विचारलं. म्हणाली, स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला, पाय मोरीकडे करून. पहाटे साडेपाचला नळ यायचा, तो आवाज तिथूनच ऐकू यायचा म्हणून. आजी-आजोबा असायचे तेव्हाच, असं मी म्हणालो. ती म्हणाली, नाही, ते गेल्यावरही तीन वर्षं. सवय झाली होती.

नियम मी सोडत नाही. उलट आता जास्तच घट्ट धरतो. तो दिग्दर्शकांना लावायच्या आधी मी स्वतःला लावायला हवा होता. 'टोकियो स्टोरी' बघताना ती मला "हा तूच" म्हणाली होती. त्यात ती कोण, हे मी विचारलं नाही.

गुपित फोडण्याच्या शेवटाला माझा विरोध अजून आहे. आईने हे सांगताना ताट सरकवलं नाही. ती लसूण सोलत होती.

रावपुऱ्याची सून

दादा, विचारलंत हे फार बरं केलंत. आता एवढंच विचारा की त्या तीन वर्षांत "मला आत झोपायचंय" असं त्या एकदाही का म्हणाल्या नाहीत. माझा सिनेमा तिथून सुरू होतो.